टेलपर्यंत पाळी येऊ द्या : सामायिक महासंगणक केंद्रांच्या वाटप समित्यांना खुले पत्र

प्रति,
देशातल्या सामायिक महासंगणक केंद्रांच्या वेळवाटप समित्यांचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे स्वतःचं मोठं यंत्र नाही. बऱ्याच लांबच्या एका केंद्रात आम्हाला खातं मिळालं आहे आणि माझे पीएचडीचे दोन विद्यार्थी त्या खात्यावर प्रथिनांच्या रेणूंची गणितं चालवतात. हे खातं मिळालं नसतं तर आमच्यासारख्या महाविद्यालयात हे संशोधन सुरूच झालं नसतं. त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे, आणि हे पत्र त्या ऋणातूनच लिहिते आहे.

गेल्या फेब्रुवारीत माझ्या एका विद्यार्थ्याने दोन नोडचा, चोवीस तासांचा एक जॉब सबमिट केला. (नोड म्हणजे महासंगणकातला एक सुटा संगणक, आणि जॉब म्हणजे त्यावर चालवायला दिलेलं काम.) तो नऊ दिवस रांगेत उभा होता. रोज सकाळी तो मुलगा लॉगिन करायचा, रांगेची यादी काढायची आज्ञा द्यायचा, आणि पडद्यावर तीच ओळ यायची. स्थिती: पेंडिंग. कारण: प्रायॉरिटी. सहाव्या दिवशी तो मला म्हणाला, "मॅडम, प्रायॉरिटी म्हणजे नेमकी कोणाची?"

मला उत्तर देता आलं नाही. मी केंद्राकडे तिकीट टाकलं, म्हणजे लेखी विचारणा केली. उत्तर लवकर आलं, नम्रही होतं. त्यात लिहिलं होतं की रांगेतला क्रम शेड्युलर (कामांची रांग लावणारा प्रोग्रॅम) आपोआप ठरवतो, त्यात कोणाचा हस्तक्षेप नसतो.

हस्तक्षेप नसतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. केंद्रातली माणसं प्रामाणिक आहेत, रात्री-अपरात्री फोन उचलणारी आहेत. माझं म्हणणं त्या 'आपोआप' या शब्दाबद्दल आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच केंद्रांत स्लर्म नावाचा शेड्युलर चालतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत तो तयार झाला, तो मुक्त आहे, त्याची कागदपत्रं कोणीही वाचू शकतं. तिकिटाचं उत्तर आल्यावर मी ती वाचायला बसले. स्लर्ममध्ये जॉबची प्रायॉरिटी ही एक साधी बेरीज असते. जॉब किती वेळ थांबला आहे, त्या खात्याने अलीकडे किती वापर केला आहे, जॉब किती मोठा आहे, तो यंत्राच्या कोणत्या पार्टिशनमध्ये (विभागात) आहे, त्याला कोणत्या दर्जाची सेवा लागू आहे, असे काही घटक. प्रत्येक घटकाला शून्य ते एकच्या दरम्यान गुण मिळतात. त्या गुणांना त्या-त्या घटकाच्या वजनाने गुणायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. ज्याची बेरीज जास्त तो पुढे.

ही वजनं एका मजकुराच्या फाइलमध्ये लिहिलेली असतात. ती कोणीतरी, कधीतरी, हाताने टाइप केलेली असतात. थांबण्याला १,००० आणि आकाराला १०,००० वजन दिलं, तर छोटा जॉब कितीही थांबला तरी अवाढव्य जॉबच्या पुढे जाणं कठीण. उलट दिलं, तर वेगळीच रांग तयार होते. शेड्युलर बेरीज करतो. काय महत्त्वाचं ते माणसांनी ठरवलेलं असतं.

आणि जिथे कोणी काहीच ठरवलेलं नसतं, तिथे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने ठेवलेला आकडा लागू होतो. हे मला सगळ्यात जास्त लागलं. स्लर्ममध्ये थांबण्याचे गुण एका मर्यादेपर्यंतच वाढतात, आणि कोणी बदललं नाही तर ती मर्यादा सात दिवसांची असते. म्हणजे आमच्या केंद्राने तो आकडा बदललेला नसेल, तर माझा विद्यार्थी आठव्या आणि नवव्या दिवशी जो थांबला, त्याचा त्याला एकही गुण मिळाला नाही. त्याच्यामागून आलेले, पण सात दिवस थांबलेले सगळे जॉब त्या घटकात त्याच्या बरोबरीला आले. जॉबच्या आकाराचंही तसंच. त्या घटकाला वजन दिलेलं असलं आणि छोट्यांना झुकतं माप द्या असं मुद्दाम सांगितलेलं नसलं, तर गुण मोठ्या जॉबला जास्त मिळतात. मोठमोठी गणितं करण्यासाठी बांधलेल्या यंत्रात ते योग्यही असेल. पण योग्य आहे असं कोणी बसून ठरवलं होतं का?

आमच्या केंद्राचे हे आकडे काय आहेत, हे मला आजही माहीत नाही. ते संकेतस्थळावर नाहीत, वापरकर्त्यांच्या पुस्तिकेत नाहीत.

मी कालव्याच्या टेलची मुलगी आहे. आमची जमीन चारीच्या शेवटाला. आवर्तन सुटलं की आण्णा सायकलवरून वरच्या अंगाला जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून यायचे, आणि रात्री-बेरात्री दारं धरायला आम्ही सगळे कंदील घेऊन उभे असायचो. पाणी बऱ्याचदा पोहोचायचं नाही. पण एक गोष्ट आमच्याजवळ होती: पाळी कशी लागते हे आम्हाला ठाऊक होतं. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म भरलेला असायचा. शेजपाळीचा नियम सांगतो की शेवटच्या शेतापासून सुरुवात करायची आणि भरत-भरत वर यायचं. कोणाचे किती तास, हे पाटकऱ्याच्या कागदावर असायचं. त्यामुळे पाणी मध्येच कोणी फोडलं, तर आण्णा पाटकऱ्यासमोर उभं राहून सांगू शकायचे की ही पाळी माझी होती. नियम मोडला जायचा, पण तो नियम आहे हे नाकारता यायचं नाही. माझ्या विद्यार्थ्याकडे एवढंही नाही. त्याच्यावर अन्याय झाला की नाही, हेच त्याला कळायला मार्ग नाही.

आता वाट्याबद्दल.

शेड्युलरमध्ये 'फेअरशेअर' नावाचा घटक असतो. ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त वापरलं तो मागे सरकतो, ज्याने कमी वापरलं तो पुढे येतो. या कल्पनेचा उगम मला फार जवळचा वाटतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात ज्युडी के आणि पियर्स लॉडर यांनी १९८८ साली या पद्धतीवर लेख लिहिला. त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता: एकाच यंत्रावर बरेच लोक काम करतात, आणि युनिक्स प्रणाली यंत्राचा वेळ वाटते ती प्रक्रियांमध्ये (चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये), माणसांमध्ये नाही. त्यामुळे ज्याने जास्त प्रक्रिया सुरू केल्या त्याला जास्त वेळ. त्यांनी मोजमापाचं एककच बदललं. वाटा माणसाचा, प्रक्रियेचा नाही.

त्याच्या आधी दहा-बारा वर्षं पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीत हेच केलं होतं. पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातल्या माणसांवर ठेवला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि उसाला पाणी नाही. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, ही कधी कोणी न ठरवलेली पण सगळीकडे चालणारी रीत त्यांनी उघड्यावर आणून मोडली.

वाटप समितीने प्रत्येक वर्षी हाच प्रश्न सोडवायचा असतो: वाटा कोणाचा? खात्याचा, प्राध्यापकाचा, विभागाचा, संस्थेचा, की विद्यार्थ्याचा? यंत्र ज्या आवारात उभं आहे तिथल्या लोकांना वीज, जागा, माणसं द्यावी लागतात. त्यांना मोठा वाटा मिळावा, हे मला मान्य आहे. पण तो किती, ते लिहून ठेवा. पंचवीस जणांच्या गटाला एक खातं आणि दोघांच्या गटालाही एक खातं, दोन्ही सारखी, असं असेल तर पंचवीस जणांवर अन्याय. वाटा गटाच्या संख्येवर असेल, तर आम्ही कायम टेलला. यात सोपं उत्तर नाही, म्हणूनच समिती लागते.

शिवाय वापर किती दिवस लक्षात ठेवायचा, हाही धोरणाचाच प्रश्न आहे. शेड्युलर जुना वापर हळूहळू विसरतो. ठरावीक दिवसांनी त्याचं ओझं निम्मं होतं; या काळाला अर्धायुष्य म्हणतात. हे दिवस कमी ठेवले तर कालचा जास्तीचा वापर लवकर माफ होतो. जास्त ठेवले तर एका महिन्याचा वापर पुढचे तीन महिने नडतो. आमच्यासारख्या महाविद्यालयात शिकवणं, पेपर तपासणं, परीक्षेची ड्युटी यांतून गणितं होतात ती दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत. आमचा वर्षाचा सगळा वापर सहा-आठ आठवड्यांत एकवटलेला असतो. मोठ्या संशोधन संस्थेचा वापर वर्षभर सपाट. एकच अर्धायुष्य दोघांना सारखं लावलं, की कागदावरचा वाटा सारखा असूनही आम्ही नेमके गरजेच्या वेळी मागे फेकले जातो. वर्षभरात कधीही वापरता येतील अशा तासांचा एक ठोक साठा छोट्या संस्थांना द्यावा, अशी माझी सूचना आहे.

प्रायॉरिटी ही गोष्टच वाईट, असं माझं म्हणणं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' हा महासंगणक आला, २०२४ साली ११.७७ पेटाफ्लॉप्स वेगाचा 'अर्क' आला. अरबी समुद्रात वादळ घोंगावत असताना त्याचा अंदाज वर्तवणारं गणित कोणाच्या पीएचडीच्या मागे रांगेत उभं राहावं, असं माझे विद्यार्थीही म्हणणार नाहीत. तिथे कारण सांगितलेलं असतं, आणि सांगितलेलं कारण माणूस समजून घेतो.

आता आमच्या बाजूचं. कारण रांग लांबण्यात वापरकर्त्यांचाही मोठा हात आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय तुमच्याकडे काही मागणं मला बरं वाटणार नाही.

समजा चौसष्ट नोड लागणारा एक मोठा जॉब रांगेत पहिला आहे. आत्ता चाळीस नोड मोकळे आहेत, उरलेले सहा तासांनी मोकळे होणार. या सहा तासांत ते चाळीस नोड रिकामे ठेवायचे का? अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या मध्यावर आयबीएमच्या यंत्रासाठी 'ईझी' नावाचा शेड्युलर लिहिला गेला, त्याने यावर उपाय दिला. मोठ्या जॉबची सुरुवातीची वेळ पक्की करून ठेवायची आणि त्याला धक्का न लावता मधल्या फटीत जे छोटे जॉब बसतील ते मागून उचलून आणून बसवायचे. याला बॅकफिल म्हणतात. घरात डब्यात मोठे लाडू भरल्यावर मधल्या जागेत करंज्यांचा चुरा ओततात तसं. मोठ्याचं काही जात नाही, छोट्याला पाळी मिळते, आणि यंत्र रिकामं राहत नाही. टेलच्या माणसासाठी याहून चांगली युक्ती नाही.

पण ती एका गोष्टीवर उभी आहे: छोट्या जॉबने आपल्याला किती वेळ लागेल हे खरं सांगितलं पाहिजे. फट सहा तासांची असेल आणि तीन तासांच्या कामासाठी कोणी बहात्तर तास मागितले असतील, तर शेड्युलर त्याला आत घेऊ शकत नाही. फट वाया जाते, जॉब रांगेत राहतो, आणि तोच माणूस रांग लांब असल्याची तक्रार करतो.

मी आमच्या खात्याच्या वर्षभराच्या नोंदी काढून बघितल्या. बहुतेक जॉबना आम्ही त्या पार्टिशनची कमाल वेळ मागितली होती आणि ते त्याच्या चौथ्या हिश्श्यात संपले होते. वर्षानुवर्षं जॉबच्या सूचनांची एकच स्क्रिप्ट एका विद्यार्थ्याकडून दुसऱ्याकडे जात राहिली, आत लिहिलेले तास कोणी बदलले नाहीत. ती स्क्रिप्ट पहिल्यांदा मी लिहिली होती.

लोक जास्त वेळ का मागतात? पहिलं कारण भीती. मागितलेली वेळ संपली की शेड्युलर जॉब मारतो. फेब्रुवारीतला आमचा तो जॉब नऊ दिवसांनी रात्री सुरू झाला आणि चोविसाव्या तासाला, काम थोडंसं बाकी असताना, मारला गेला. तो रेणूंची गणितं करणाऱ्या ग्रोमॅक्ससारख्या प्रचलित प्रणालीवरचा असता, तर दर पंधरा मिनिटांनी त्याने आपली स्थिती जपून ठेवली असती आणि पुढचा जॉब तिथूनच सुरू झाला असता. पण हे गणित विद्यार्थ्याने स्वतः फोरट्रान या संगणकभाषेत लिहिलं होतं आणि मध्ये-मध्ये जतन करण्याची सोय त्यात नव्हती. ती चूक त्याची, आणि त्याला ते न शिकवणाऱ्या माझी. चोवीस तासांचं काम आणि त्याआधीचे नऊ दिवस, दोन्ही गेले. त्यानंतर तो मुलगा प्रत्येक जॉबला बहात्तर तास मागायला लागला. त्याला दोष कसा देऊ?

पण भीती हे एकच कारण नाही. सॅन दिएगोच्या महासंगणक केंद्रातल्या संशोधकांनी वापरकर्त्यांना विचारून पाहिलं होतं: जॉब मारला जाणार नाही असं धरून तुमचा खरा अंदाज सांगा. अंदाज सुधारले, पण फार नाही. म्हणजे पुष्कळांना आपलं काम किती वेळ घेईल हे खरोखरच माहीत नसतं. काम संपल्यावर किती वेळ लागला हे कोणी त्यांना सांगत नाही, म्हणून माहीत नसतं. वीजबिल आल्याशिवाय घरात कोणता पंखा किती खातो हे कोणाला कळतं? जॉब संपल्यावर एक ईमेल यावा, मराठीत आला तर फारच छान: तुम्ही बहात्तर तास मागितले, नऊ लागले, प्रोसेसरचे अठ्ठेचाळीस कोअर मागितले, सरासरी अकरा कामात होते, ग्राफिक्स कार्ड मागितलं, त्याला हातही लागला नाही. याची आकडेवारी शेड्युलरकडे असतेच. ती फक्त त्या माणसापर्यंत पोहोचवायची आहे. सोबत, जतन करण्याची सोय प्रोग्रॅममध्ये कशी घालायची हे शिकवणारा एक दिवसाचा वर्ग दर सहा महिन्यांनी घ्या. आमच्याकडून विद्यार्थी येतील. मीही येईन.

समित्यांच्या अहवालांत एक आकडा अभिमानाने दिलेला असतो: यंत्राचा वापर ९० टक्के, ९५ टक्के. सरकारचे पैसे वाया गेले नाहीत हे दाखवायला तो लागतो, हे मला समजतं. पण रांगेचं गणित सांगतं की भरलेपणा आणि प्रतीक्षा सरळ रेषेत वाढत नाहीत. अगदी साध्या, एका खिडकीच्या रांगेचं उदाहरण घ्या. खिडकी ८० टक्के वेळ कामात असेल, तर सरासरी प्रतीक्षा एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट. ९० टक्क्यांना नऊपट. ९५ टक्क्यांना एकोणीसपट. शेकडो नोड असलेल्या यंत्रात आकडे इतके भयंकर नसतात, पण वळण तेच असतं: शेवटच्या काही टक्क्यांची किंमत रांगेत उभं राहणारा मोजतो. आणि ती सगळ्यांना सारखी पडत नाही. तीन दिवसांच्या जॉबने दोन दिवस थांबणं आणि दहा मिनिटांच्या चाचणीने दोन दिवस थांबणं यात फार अंतर आहे. प्रोग्रॅममधली एक चूक दुरुस्त करून ती दुरुस्त झाली का हे बघायला दोन दिवस लागले, तर एका महिन्यात पंधरा चुकाही दुरुस्त होत नाहीत.

म्हणून वापराच्या आकड्याशेजारी प्रतीक्षेचा आकडाही छापा. सरासरी नको, सरासरीत टेल बुडून जातं. सगळ्यात कमी वाटा असलेल्या खात्यांचे जॉब किती थांबले, एका तासाच्या आतले जॉब किती थांबले, तेवढं सांगा. आणि दिवसाच्या वेळात दोन-चार नोड अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चाचण्यांसाठी राखून ठेवा. त्याने वापराचा आकडा एखाद्या टक्क्याने खाली येईल. तो येऊ द्या.

शेवटची गोष्ट एका केंद्राच्या हातातली नाही, म्हणूनच हे पत्र सगळ्या समित्यांना मिळून लिहिलं आहे.

सीडॅक या सरकारी संगणन संस्थेची स्थापना पुण्यात १९८८ साली झाली आणि १९९१ साली तिचा 'परम ८०००' हा महासंगणक उभा राहिला, तेव्हा देशात अशी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी होती. २०१५ साली ४,५०० कोटींच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानाला मंजुरी मिळाली, २०१९ साली वाराणसीला 'परम शिवाय' आला, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत 'परम ब्रह्म' आला, २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथले तीन 'परम रुद्र' देशाला अर्पण झाले. यंत्रं वाढली, याचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही. पण माझ्या विद्यार्थ्यासाठी आजही एकच दार आहे. त्या दारासमोर रांग लागली असताना दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर त्या रात्री जागा असली, तरी त्याला ती दिसत नाही आणि दिसली तरी तिथे त्याचं खातं नाही.

अनेक ठिकाणची यंत्रं एकाच जाळ्यासारखी वापरायची, हे ग्रिडचं स्वप्न आपल्याकडे नवीन नाही. सीडॅकच्याच 'गरुड' प्रकल्पाने १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडायचं काम हाती घेतलं होतं. त्यासाठी स्थानिक शेड्युलरांच्या वर बसणारा एक मेटाशेड्युलर वापरला, वापरकर्त्यांची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं देणारी यंत्रणा उभी केली. आणि आपल्याच देशातले काही शास्त्रज्ञ रोज ग्रिडवर काम करतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं केंद्र आणि कोलकात्याच्या व्हीईसीसी या सायक्लोट्रॉन संस्थेतलं केंद्र हे सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या जागतिक ग्रिडचे भाग आहेत. त्या ग्रिडमध्ये ४० हून अधिक देशांतली १७० च्या आसपास केंद्रं आहेत. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा 'सारथी' हा संगणक गुरुत्वीय लहरींच्या संशोधनाच्या अशाच जाळ्यात काम करतो.

यात खरी अडचण कुठे आहे ते या लोकांनी अनुभवाने ओळखलं. वर बसलेल्या मेटाशेड्युलरच्या हातात काहीच नसतं. प्रत्येक केंद्राची रांग त्या केंद्राच्या नियमांनी चालते, आणि वर पोहोचलेली माहिती पोहोचेपर्यंत शिळी झालेली असते. आत्ता रिकामं दिसलेलं केंद्र तुमचा जॉब तिथे जाईपर्यंत भरलेलं असतं. मग जॉब तिथेच अडकतो आणि शेजारचं केंद्र मोकळं होतं. यावर त्यांनी वाटाड्या पाठवायची पद्धत काढली. पायलट जॉब. खरं काम मध्यवर्ती यादीत ठेवायचं, आणि केंद्राकेंद्रांच्या रांगेत रिकामे वाटाडे उभे करायचे. ज्या वाटाड्याला नोड मिळेल तो आधी नोड ठीकठाक आहे का बघतो आणि मग मागे वळून यादीतलं पहिलं योग्य काम ओढून घेतो. कोणतं काम कुठे चालणार हे शेवटच्या क्षणी ठरतं, म्हणून शिळ्या माहितीवर भिस्त ठेवावी लागत नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकात सुरू झालेली, आज एचटीकाँडर नावाने ओळखली जाणारी प्रणाली या पद्धतीच्या मुळाशी आहे. तीही मुक्त आहे.

सगळ्यांची सगळी कामं अशी इकडून तिकडे नेता येणार नाहीत, याची मला जाणीव आहे. शेकडो नोडवर एकाच वेळी चालणारं, नोडांनी एकमेकांशी सतत बोलावं लागणारं काम एकाच यंत्रात राहिलं पाहिजे. आमच्या काही गणितांची फाइल शेकडो जीबींची होते; ती दुसऱ्या शहरात न्यायला लागणारा वेळ रांगेपेक्षा जास्त व्हायचा. एका केंद्राची वीज दुसऱ्या संस्थेच्या विद्यार्थ्याने वापरली, तर तिचं बिल कोणाच्या नावे, हाही प्रश्न आहेच. पण पुष्कळ कामं अशी नसतात. माझ्या दुसऱ्या विद्यार्थिनीला एकाच औषधी रेणूची चार हजार रूपं एका प्रथिनाशी जुळतात का ते तपासायचं आहे: चार हजार सुटे, छोटे, एकमेकांची वाट न बघणारे जॉब, प्रत्येकी दोन-तीन मेगाबाइटची फाइल. ते देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या कोणत्याही रिकाम्या कोअरवर चालतील. अशा कामांसाठी राष्ट्रीय ज्ञान जाळ्यावर (देशातल्या शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या वेगवान जाळ्यावर) एक सामायिक यादी, एकच ओळख, आणि प्रत्येक केंद्राने रिकाम्या वेळेतले थोडे नोड, तेही मूळ वापरकर्ता आला की लगेच परत घेण्याच्या अटीवर, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. एवढं झालं तर तुमच्या दारची रांगही कमी होईल, कारण आज ते चार हजार जॉब तुमच्याच फटी अडवून बसलेले आहेत.

आमच्या केंद्राच्या समितीत यजमान संस्थेबाहेरच्या वापरकर्त्यांचा एकही प्रतिनिधी नाही. असा एक प्रतिनिधी घ्यावा, अशी विनंती मी याआधी केलेली आहे आणि इथे पुन्हा करते. मला स्वतःला ती जागा नको. एखादा शोधविद्यार्थी घ्या, कारण रोज सकाळी ती यादी तोच बघतो.

प्रायॉरिटीच्या वजनांची फाइल संकेतस्थळावर टाकायला एक दुपार पुरेल. प्रत्येक आकड्याशेजारी, तो तसा का आहे, याची एक ओळ लिहायला कदाचित एक बैठक लागेल. ती बैठक कधी आहे ते आठवडाभर आधी कळवलंत, तर मी सकाळच्या एसटीने येईन. आमच्या खात्याच्या वर्षभराच्या नोंदी, आम्ही जास्त मागितलेल्या तासांसकट, छापून आणते. माझा विद्यार्थी सोबत येईल. त्याला त्याचा प्रश्न तुम्हाला स्वतः विचारायचा आहे.

कळावे,

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक प्राध्यापिका